प्रत्यारोपणाआधीचा आठवडा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मूळपेशींच्या, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या आदिम पेशींच्या, प्रत्यारोपणाविषयी या सदराकडे आलेली बहुतेक पत्रे प्रत्यारोपणाच्या दिवसाविषयी नसून त्याआधीच्या आठवड्याविषयी आहेत, आणि ते स्वाभाविक आहे. वॉर्डमधल्या तक्त्यावर हे दिवस उणे सात, उणे सहा असे उलटे मोजले जातात आणि शून्य दिवशी मूळपेशी रक्ताच्या पिशवीसारख्या पिशवीतून शिरेत सोडल्या जातात. तो दिवस बहुधा शांतपणे पार पडतो. रुग्णाच्या शरीराची खरी परीक्षा त्याआधी दिल्या जाणाऱ्या औषधांनी होते. बुसल्फान, सायक्लोफॉस्फमाइड, मेल्फॅलान, थायोटेपा, कारमुस्टिन ही त्यांतली प्रमुख नावे. ही सर्व अल्किलेटिंग औषधे म्हणजे एकाच कुळातली आहेत, आणि म्हणूनच ती एकत्र का देतात हा प्रश्न अनेकांना पडला आहे. पत्रांतील खासगी तपशील गाळून निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्या आईला मेंदूतील लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा एक कर्करोग) झाला होता. पहिल्या उपचारांनी तो आटोक्यात आला असून आता तिच्याच मूळपेशींचे प्रत्यारोपण करायचे ठरले आहे. त्याआधी थायोटेपा आणि कारमुस्टिन देणार आहेत. फाइलमध्ये दोन्हींपुढे ‘अल्किलेटिंग’ असे लिहिले आहे. औषधे एकाच प्रकारची असतील, तर दोन देण्याऐवजी एकाचाच डोस वाढवला तर चालणार नाही का?

उत्तर : तुमचा प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. अल्किलेटिंग औषध पेशीत शिरले की ते डीएनएला, विशेषतः त्यातल्या ग्वानिन या घटकाला जाऊन चिकटते. यांतल्या बहुतेक औषधांना दोन हात असतात. एक हात डीएनएच्या एका धाग्याला आणि दुसरा हात समोरच्या धाग्याला धरून बसला, की दोन धाग्यांना मिळून टाका घातल्यासारखे होते. पेशी विभागायची वेळ आली की हे धागे एकमेकांपासून सुटे व्हावे लागतात. ते सुटत नाहीत आणि पेशी मरते. पेशी त्या क्षणी विभागत असली पाहिजे अशी या औषधांची अट नसते. स्वस्थ पडून असलेल्या पेशीतही ती टाका घालून ठेवतात, आणि प्रत्यारोपणाआधी नेमके हेच हवे असते.

आता डोसविषयी. केमोथेरपीच्या अनेक औषधांचा परिणाम एका मर्यादेनंतर थबकतो, म्हणजे डोस वाढवला तरी जास्त पेशी मरत नाहीत. अल्किलेटिंग औषधांचे तसे नाही. प्रयोगशाळेत पाहिले असता डोस वाढेल तसतशा मरणाऱ्या पेशीही बराच काळ वाढत जातात. अडचण येते ती अस्थिमज्जेची, म्हणजे हाडांतल्या रक्त तयार करणाऱ्या गराची, कारण सर्वांत आधी तीच कोलमडते. आईच्या मूळपेशी आधीच काढून गोठवून ठेवल्या आहेत, त्यामुळे ही अडचण दूर होते. पण मज्जेची चिंता मिटली की दुसऱ्या एखाद्या अवयवाची मर्यादा पुढे येते, आणि ती प्रत्येक औषधाची वेगळी असते. कारमुस्टिनची मर्यादा फुप्फुसे ठरवतात, थायोटेपाची तोंडाचे व आतड्याचे अस्तर आणि त्वचा, बुसल्फानची यकृत, सायक्लोफॉस्फमाइडची हृदय व मूत्राशय. एकट्या कारमुस्टिनचा डोस वाढवत गेलो तर फुप्फुसांना होणारी इजाही त्याबरोबर वाढत जाईल. त्याऐवजी कारमुस्टिन फुप्फुसांना झेपेल इतके आणि थायोटेपा अस्तराला झेपेल इतके दिले, तर कर्करोगाच्या पेशींवर दोन्हींचा मारा एकत्र होतो आणि इजा मात्र वेगवेगळ्या अवयवांत विभागली जाते. बोस्टनच्या डॅना-फार्बर संस्थेतील एमिल फ्राय यांनी १९८०च्या दशकात हा विचार आग्रहाने मांडला, आणि आजच्या अनेक मिश्रणांच्या मुळाशी तोच आहे.

दुसरे कारण असे की, एका कुळातली असली तरी ही औषधे एकच काम करत नाहीत. कारमुस्टिनने केलेला घाव दुरुस्त करण्यासाठी काही पेशींकडे एक खास प्रथिन असते. त्या प्रथिनाचा थायोटेपाच्या घावावर फारसा उपयोग होत नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथे फ्रँक शाबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर प्रयोग केले. एका अल्किलेटिंग औषधाला न जुमानणाऱ्या पेशी त्याच कुळातल्या दुसऱ्या औषधाने अनेकदा मरतात, असे त्यांना आढळले. त्यामुळे फाइलवर शब्द एकच असला, तरी आईला मिळणारी शस्त्रे दोन आहेत.

आईच्या बाबतीत तिसरे कारणही आहे आणि तेच निर्णायक ठरले असावे. रक्तातून मेंदूत शिरणे अनेक औषधांना जमत नाही. थायोटेपा आणि कारमुस्टिन ही दोन्ही औषधे तेथे चांगल्या प्रमाणात पोहोचतात.

एक गोष्ट मात्र आवर्जून लक्षात ठेवा. कारमुस्टिनमुळे फुप्फुसांना होणारी इजा कधी कधी घरी परतल्यानंतर, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी डोके वर काढते. कोरडा खोकला, जिना चढताना पूर्वी लागत नव्हती अशी धाप, बारीक ताप यांपैकी काहीही दिसले तर ‘हवा बदलली असेल’ म्हणून चार दिवस वाट पाहू नका. वेळीच स्टिरॉइड सुरू केले तर बहुतेकदा उतार पडतो.

प्रश्न : माझ्या भावाला तीव्र मायलॉइड ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) आहे आणि बहिणीच्या मूळपेशी त्याला देणार आहेत. चार दिवस बुसल्फान, मग दोन दिवस सायक्लोफॉस्फमाइड असे सांगितले आहे. दुसऱ्या दिवशी त्याचे रक्त वारंवार काढले आणि तिसऱ्या दिवशी बुसल्फानचा डोस बदलला. हिशेबात चूक झाली होती का? शिवाय डोके दुखत असूनही पॅरासिटामॉल देत नाहीत. असे का?

उत्तर : चूक झालेली नाही. उलट काळजीपूर्वक उपचार चालू असल्याची ही खूण आहे.

आधी या जोडीविषयी. बुसल्फान अस्थिमज्जेतल्या अगदी मूळच्या, आदिम पेशी नष्ट करण्यात पटाईत आहे, पण रोगप्रतिकारशक्तीला ते फारसे दाबत नाही. सायक्लोफॉस्फमाइडचे याच्या उलट आहे. ते लढाऊ पांढऱ्या पेशी जोरात मारते, पण सर्वांत आदिम मूळपेशींमध्ये ते निष्प्रभ करणारे एक विकर (एन्झाइम) भरपूर असते आणि त्या वाचतात. बहिणीच्या पेशी भावाच्या शरीरात रुजायच्या असतील, तर त्याची जुनी मज्जा रिकामी व्हायला हवी आणि नव्या पाहुण्यांना हाकलून लावणारी त्याची प्रतिकारशक्तीही गप्प व्हायला हवी. एकट्या औषधाने दोन्ही कामे नीट होत नाहीत. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथील जॉर्ज सँटोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जोडीचा अनुभव १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी दर किलो वजनामागे बुसल्फान १६ मिलिग्रॅम आणि सायक्लोफॉस्फमाइड २०० मिलिग्रॅम दिले होते. १९८७ मध्ये दुसऱ्या एका गटाने सायक्लोफॉस्फमाइड चार दिवसांऐवजी दोन दिवस, दर किलोमागे एकूण १२० मिलिग्रॅम, इतके कमी करून दाखवले, आणि पुढे तेच सर्वत्र रुळले. कमी केलेला हा डोसदेखील किती मोठा आहे, ते पाहा. लिम्फोमाच्या नेहमीच्या केमोच्या एका फेरीत मध्यम बांध्याच्या माणसाला सायक्लोफॉस्फमाइड साधारण १२०० मिलिग्रॅम मिळते. ६० किलो वजनाच्या रुग्णाला प्रत्यारोपणाआधी ते दोन दिवसांत ७२०० मिलिग्रॅम मिळते.

आता रक्त वारंवार काढण्याविषयी. वजन तेवढेच आणि डोस तेवढाच असला, तरी दोन माणसांच्या रक्तात बुसल्फान सारखेच राहील असे नाही. काहींचे यकृत ते भराभर निकामी करते, तर काहींचे संथपणे. पूर्वी ते गोळ्यांनी देत असत तेव्हा हा फरक फारच मोठा असे, कारण पोटातून किती शोषले गेले आणि उलटीतून किती गेले याचाच पत्ता नसे. १९९९ मध्ये अमेरिकेत शिरेतून देण्याचे बुसल्फान मंजूर झाले आणि निम्मी अनिश्चितता गेली, पण उरलेली निम्मी रुग्णागणिक असतेच. औषध कमी पडले तर नवी मज्जा न रुजण्याचा किंवा आजार परतण्याचा धोका असतो. जास्त झाले तर यकृतातल्या बारीक शिरा तुंबतात. म्हणून ठरावीक वेळांना रक्त घेऊन, औषध शरीरात एकूण किती वेळ आणि किती प्रमाणात राहिले याचा हिशेब मांडतात आणि पुढचे डोस त्यानुसार कमी-जास्त करतात. यातली एक बारीक गोष्ट नातेवाइकांनाही माहीत असलेली बरी. ज्या नळीतून बुसल्फान दिले, त्याच नळीतून नमुना घेतला तर आत चिकटून राहिलेल्या औषधामुळे आकडा खोटाच फुगतो. अनुभवी परिचारिका नमुना दुसऱ्या नळीतून किंवा दुसऱ्या हातातून का घेतात, त्याचे कारण हे आहे. त्या तेवढ्यासाठी पुन्हा सुई टोचत असतील, तर त्यांच्यावर रागावू नका.

पॅरासिटामॉलचे उत्तरही यकृतातच आहे. बुसल्फान निकामी करण्यासाठी यकृत ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ खर्च करते. पॅरासिटामॉलही त्याच साठ्यातून घेते, त्यामुळे बुसल्फान शरीरात अधिक काळ रेंगाळू शकते. बुरशीवरची काही औषधे आणि मेट्रोनिडॅझोल यांनीही बुसल्फानची पातळी वाढते. त्यामुळे घरून आणलेली कोणतीही गोळी, मग ती रोजच्या सवयीची का असेना, या दिवसांत विचारल्याशिवाय देऊ नये.

हाच साठा पुढे सायक्लोफॉस्फमाइडलाही लागतो, कारण त्याच्या विघटनातून तयार होणारा ॲक्रोलिन हा त्रासदायक पदार्थ निष्प्रभ करायलाही ग्लुटाथायोन हवे असते. बुसल्फानने साठा आटवला आणि लगेच सायक्लोफॉस्फमाइड दिले, तर यकृतावर दुहेरी भार येतो. म्हणून दोन औषधांमध्ये किमान एक दिवसाचे अंतर ठेवण्याकडे कल असतो. काही केंद्रांनी क्रमच उलटा करून आधी सायक्लोफॉस्फमाइड द्यायला सुरुवात केली असून यकृताचा त्रास त्याने कमी होतो, असे त्यांचे अनुभव सांगतात. मिश्रणातल्या औषधांची नावे आणि डोस यांच्याइतकाच त्यांचा क्रमही उपचाराचा भाग असतो, हे मी अनेक वर्षे सांगत आलो आहे आणि पुन्हा सांगतो. याचे आणखी एक उदाहरण थायोटेपाचे आहे. सायक्लोफॉस्फमाइड हे मुळात निद्रिस्त औषध. यकृत त्याला जागे करते. थायोटेपा आधी दिले, तर जागे करणारे ते विकरच अडवले जाते आणि सायक्लोफॉस्फमाइडचा बराचसा भाग वाया जातो. नेदरलँड्समधील संशोधकांनी २००० साली हे नेमके मोजून दाखवले. तीच औषधे, तोच डोस, पण तासाभराचा क्रम बदलला की परिणाम बदलतो.

भावाला झटके येऊ नयेत म्हणूनही एखादी गोळी चालू असेल, कारण बुसल्फान मेंदूत शिरते. सायक्लोफॉस्फमाइडच्या दोन दिवसांत सलाइन भरपूर दिले जाईल, मेस्ना नावाचे औषध मिळेल आणि रात्री झोपेतून उठवून लघवीला जायला सांगतील. ॲक्रोलिन मूत्राशयात साठून राहिले तर आतले अस्तर सोलवटते आणि लघवीतून रक्त जाते, त्यामुळे तेवढी झोपमोड सोसायला हवी. त्याचे वजनही दिवसातून एकदा, कधी दोनदा करतील. एका दिवसात वाढलेले दीड-दोन किलो आणि उजव्या बरगडीखाली दुखणे ही यकृताच्या शिरा तुंबू लागल्याची पहिली चाहूल असू शकते. तेव्हा त्या वजनकाट्याला कंटाळू नका.

प्रश्न : वडिलांना मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग) आहे. त्यांना प्रत्यारोपणाआधी फक्त मेल्फॅलान दिले, तेही एकाच दिवशी. शेजारच्या खाटेवरच्या लिम्फोमाच्या रुग्णाला मात्र चार औषधे सहा दिवस दिली. वडिलांच्या उपचारात काही कमी तर राहिले नाही ना?

उत्तर : नाही. मायलोमामध्ये एकट्या मेल्फॅलानचा मोठा डोस हाच प्रस्थापित उपचार आहे. लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयातील डॉक्टरांनी १९८३ मध्ये त्याचे पहिले अनुभव प्रसिद्ध केले. तेव्हा डोस शरीराच्या दर चौरस मीटरमागे १४० मिलिग्रॅम होता. पुढे मूळपेशींचा आधार मिळाल्यावर तो २०० पर्यंत गेला. शेजारच्या रुग्णाला दिलेले मिश्रण बहुधा कारमुस्टिन, इटोपोसाइड, सायटाराबिन आणि मेल्फॅलान यांचे असावे. त्यातली पहिली आणि शेवटची दोन अल्किलेटिंग कुळातली, मधली दोन वेगळ्या कुळांतली. लिम्फोमात ते दीर्घकाळ वापरात आहे.

मायलोमातही मेल्फॅलानला जोडीदार द्यावा का, याचा शोध थांबलेला नाही. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्रातील एका तुलनेत काही रुग्णांना बुसल्फान व मेल्फॅलान आणि काहींना एकटे मेल्फॅलान दिले गेले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जोडीच्या गटात आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मध्यम काळ सुमारे ६५ महिने होता, तर एकट्या मेल्फॅलानच्या गटात सुमारे ४३. एवढा मोठा फरक दिसूनही सर्व केंद्रांनी जोडी स्वीकारली नाही, कारण तोंडाचे व्रण आणि ताप जोडीच्या गटात बरेच जास्त होते, आणि एकूण आयुष्य त्यामुळे वाढते असे दिसले नव्हते. वयस्कर किंवा मूत्रपिंडे थकलेल्या रुग्णाला ही जोडी देण्यास मी स्वतः कचरेन. तरुण आणि धडधाकट रुग्णाबाबत चर्चा करायला जागा आहे.

तुमच्या वडिलांनी मेल्फॅलान चालू असताना तोंडात बर्फाचे तुकडे धरले होते का, हे पत्रात लिहिलेले नाही. ज्यांचा उपचार अजून व्हायचा आहे त्यांच्यासाठी म्हणून लिहितो. मेल्फॅलान शिरेतून अर्ध्या-पाऊण तासात संपते आणि रक्तातूनही लवकर उतरते. तेवढ्या वेळात, आणि त्याच्या थोडे आधीपासून थोड्या नंतरपर्यंत, रुग्णाने तोंडात सतत बर्फ घोळवत ठेवला, तर तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, अस्तरापर्यंत औषध कमी पोहोचते आणि व्रण कमी होतात. दात शिवशिवतात, ओठ बधिर होतात, वीस मिनिटांनी रुग्ण नको म्हणतो. अशा वेळी शेजारी बसून दर दोन मिनिटांनी पुढचा तुकडा चमच्याने हातात देणारा माणूस फार मोलाचा ठरतो. व्रणांमुळे दहा दिवस पाणीही गिळता न येणारे रुग्ण मी पाहिले आहेत, आणि बर्फाची चिकाटी धरल्यामुळे पाचव्या-सहाव्या दिवशीही भात खाऊ शकणारेही पाहिले आहेत.

प्रश्न : थायोटेपा चालू असताना बहिणीला दिवसातून तीन-चार वेळा आंघोळ घालायला सांगितले आणि क्रीम, तेल काहीही लावू दिले नाही. अशक्त रुग्णाला इतका त्रास कशासाठी?

उत्तर : थायोटेपा घामातून बाहेर पडते. काखेत, मांडीच्या सांध्यात, स्तनांखाली, पट्टी चिकटवलेल्या जागी घाम साठला, की औषध त्वचेवर तेथेच बसून राहते आणि कातडी आधी लाल, मग काळी पडते व शेवटी सोलते. क्रीम किंवा तेलाचा थर असला तर औषध त्यात आणखी अडकते. म्हणून औषध चालू असताना आणि शेवटच्या डोसनंतर दीड-दोन दिवस कोमट पाण्याने वारंवार अंग धुतात, नुसते टिपून कोरडे करतात, कपडे आणि चादर प्रत्येक वेळी बदलतात. मध्यवर्ती नळीवरची पट्टी ओली झाली असेल तर तीही बदलून घ्यावी. तिच्या खालीच औषध सर्वांत जास्त कोंडते. अंग पुसणाऱ्याने हातमोजे घालावेत. कातडी काळवंडली तरी घाबरू नका. काही आठवड्यांत ती झडून खालून नेहमीच्या रंगाची येते.

प्रश्न : १९९०च्या दशकात माझ्या आत्याला स्तनाच्या कर्करोगासाठी मोठ्या डोसची केमो आणि स्वतःच्या मूळपेशी असा उपचार सुचवला होता. आता हा उपचार कोणी करत नाही असे ऐकले. जो विचार लिम्फोमात बरोबर ठरला, तो तेथे चुकीचा कसा ठरला?

उत्तर : हा प्रश्न विचारल्याबद्दल तुमचे आभार, कारण या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाने हा इतिहास विसरता कामा नये. अल्किलेटिंग औषधांचा डोस वाढवला की जास्त पेशी मरतात, वेगवेगळ्या अवयवांवर ताण पडणारी औषधे जोडली की डोस वाढवता येतो, मज्जेला मूळपेशींचा आधार देता येतो, अशी ती साखळी होती. प्रत्येक कडी प्रयोगशाळेत तपासलेली होती. सायक्लोफॉस्फमाइड, थायोटेपा आणि अल्किलेटिंग औषधांसारखेच वागणारे कार्बोप्लॅटिन यांचे एक मिश्रण त्या काळी फार वापरले गेले. सुरुवातीच्या रुग्णांत गाठी झपाट्याने विरघळताना दिसल्या आणि तुलना करण्याआधीच हजारो स्त्रियांना हा उपचार दिला गेला. तुलना पूर्ण होईपर्यंत थांबायला रुग्ण तयार नव्हते, डॉक्टरही नव्हते.

१९९९ मध्ये अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या वार्षिक परिषदेत काही तुलनात्मक अभ्यास एकाच वेळी मांडले गेले. बहुतेकांत नेहमीच्या केमोपेक्षा आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. फक्त दक्षिण आफ्रिकेतल्या एका अभ्यासात मोठा फायदा दाखवला होता. २००० च्या सुरुवातीला त्याच्या नोंदी तपासायला पथक गेले, तेव्हा तो अभ्यास विश्वासार्ह नसल्याचे उघड झाले आणि संबंधित संशोधकाने गैरप्रकाराची कबुली दिली. मला या प्रकरणात सर्वांत जास्त दुःख फसवणुकीचे होत नाही. खरा विचार आणि प्रामाणिक माणसे असूनही, तुलना न करता हजारो स्त्रियांना हा उपचार सोसावा लागला, याचे होते.

तो विचार तेथे का फसला, याचे उत्तर पेशींच्या संख्येत आहे. डोस पाच-सहापट वाढवून मरणाऱ्या पेशींचे प्रमाण वाढते, पण गाठीत सुरुवातीपासूनच या कुळाला न जुमानणाऱ्या पेशी पुरेशा असतील, तर त्या वाचतातच. लिम्फोमा, वृषणाच्या काही गाठी, लहान मुलांचा न्यूरोब्लास्टोमा (कोवळ्या चेतापेशींचा कर्करोग) हे आजार या कुळापुढे मुळातच अधिक हळवे आहेत. तेथे वाढीव डोस उरलेल्या थोड्या पेशींपर्यंत पोहोचतो.

न्यूरोब्लास्टोमाचा उल्लेख केला, तर त्यातले दोन निष्कर्षही सांगायला हवेत, कारण ते योग्य तुलना करून मिळवलेले आहेत. युरोपातील मोठ्या चाचणीत बुसल्फान व मेल्फॅलान ही जोडी दुसऱ्या एका मिश्रणाशी ताडून पाहिली. तीन वर्षांनंतर आजार न परतता राहिलेल्या मुलांचे प्रमाण जोडीच्या गटात ५० टक्के आणि दुसऱ्या गटात ३८ टक्के होते. उत्तर अमेरिकेतील चाचणीत काही मुलांना आधी थायोटेपा व सायक्लोफॉस्फमाइड देऊन मूळपेशी दिल्या आणि त्यानंतर दुसऱ्या मिश्रणासह पुन्हा मूळपेशी दिल्या. इतरांना एकच प्रत्यारोपण झाले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले तीन वर्षांनंतरचे आकडे अनुक्रमे सुमारे ६२ आणि ४८ टक्के होते. याच कुळातल्या औषधांनी एका आजारात निराशा केली आणि दुसऱ्यात मुलांचे प्राण वाचवले. हा फरक केवळ विचाराने कळला नसता.

प्रश्न : माझ्या भाचीला फॅन्कोनी ॲनिमिया आहे. तिच्या प्रत्यारोपणाआधी सायक्लोफॉस्फमाइड इतरांच्या तुलनेत फारच थोडे देणार आहेत. इतक्या कमी डोसने मज्जा रिकामी होईल का?

उत्तर : होईल, आणि तिच्यासाठी जास्त डोस घातक ठरेल. पहिल्या उत्तरात मी डीएनएच्या दोन धाग्यांना पडणाऱ्या टाक्याविषयी लिहिले आहे. निरोगी पेशीकडे असे टाके उसवण्याची एक यंत्रणा असते. फॅन्कोनी ॲनिमियात, ज्याचे वर्णन स्विस बालरोगतज्ज्ञ गिडो फॅन्कोनी यांनी १९२७ मध्ये केले, नेमकी तीच यंत्रणा जन्मतः बिघडलेली असते. निदानही त्यावरूनच करतात. रुग्णाच्या रक्तपेशींवर टाके घालणारे एखादे रसायन टाकून पाहतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रांचे तुकडे झालेले दिसतात. भाचीच्या मज्जेतल्याच नव्हे, तर त्वचेच्या, आतड्याच्या, हृदयाच्या पेशींतही हाच दोष आहे. सुरुवातीच्या काळात अशा मुलांना नेहमीचा, म्हणजे दर किलोला २०० मिलिग्रॅमच्या आसपासचा डोस दिला गेला आणि त्यांची आतडी व त्वचा अक्षरशः सोलली गेली. पॅरिसमधील एलियान ग्लुकमान यांनी तो २० मिलिग्रॅमपर्यंत खाली आणला आणि मुले वाचू लागली. नाळेतील रक्त वापरून केलेले पहिले प्रत्यारोपण त्यांनीच १९८८ मध्ये केले, तेही फॅन्कोनी ॲनिमियाच्या मुलावर. भाचीच्या फाइलमधला छोटा आकडा हा कमी उपचार नसून तिच्या पेशींच्या मापाने बेतलेला पूर्ण उपचार आहे. तो कोणी अनवधानाने नेहमीच्या तक्त्यातून लिहू नये म्हणून, दुसऱ्या रुग्णालयात हलवावे लागले तर तिच्या निदानाची चिठ्ठी सर्वांत वर ठेवा.

प्रश्न : माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे. पुढच्या महिन्यात बुसल्फान व सायक्लोफॉस्फमाइड देऊन त्याचे प्रत्यारोपण होणार आहे. त्याला पुढे मूल होईल का, हे डॉक्टरांना विचारायला संकोच वाटतो.

उत्तर : संकोच बाजूला ठेवून याच आठवड्यात विचारा. बुसल्फान आणि सायक्लोफॉस्फमाइड ही दोन्ही औषधे वीर्य तयार करणाऱ्या पेशींना इजा करतात, आणि एकत्र दिल्यावर ती क्षमता कायमची जाण्याचा धोका मोठा असतो. पण पहिला डोस देण्याआधी वीर्याचा नमुना गोठवून ठेवता येतो. त्याला मोठी तयारी लागत नाही आणि एरवीच्या उपचाराला उशीरही होत नाही. आधीच्या केमोमुळे संख्या कमी झाली असली, तरी नमुना देऊन पाहावा. थोडे शुक्राणू मिळाले तरी पुढे प्रयोगशाळेत त्यांचा उपयोग करता येतो. तरुण मुलींच्या बाबतीत बीजांडे किंवा बीजकोशाचा तुकडा गोठवण्यासाठी जास्त दिवस लागतात, त्यामुळे त्यांच्या पालकांनी याहूनही लवकर विचारावे. हे बोलणे मुलासमोर, त्याला बरोबर घेऊनच करा. निर्णय त्याचा आहे, आणि दाखल झाल्यावर नळ्या लागल्या की त्यासाठी वेळ उरत नाही.